‘माहेर’ आणि आमची घाबरगुंडी

किस्से जमवायचे म्हणून कोणी बसत नाही. आम्हीही बसलो होतो समाजाचे जुने कागद स्कॅन करायला. पण एका खोलीत रोज तीच चार माणसं, दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा स्कॅनर आणि दारावर बेल एवढं असलं की किस्से आपोआप साचत जातात, कूलरच्या टाकीत क्षार साचतो तसे. फरक एवढाच, की लोकांच्या ऑफिसातले किस्से ऐकून हसू येतं. आमच्या किश्शांत आधी घाबरगुंडी उडते, आणि हसू आलंच तर नंतर! त्यात मी मुळातच भित्री. कुरिअरवाल्यानं जोरात हाक मारली तरी मला वाटतं, काहीतरी झालं!

तर आधी माणसं सांगते. मी अमरावतीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. प्रणय अकोल्याचा, कॉम्प्युटरवाला. हुशार, पण घाबरला की तोंडाला येईल ते बोलतो. भाऊसाहेब हे समाजाच्या मंडळाचे सचिव. खोली त्यांची, कागद त्यांचे, चहासुद्धा त्यांचाच. आणि नोंदी टाइप करणारी सीमा. तिच्याबद्दल पुढं सांगतेच.

काम काय, तर मंडळाची लग्नांची जुनी रजिस्टरं, वधू-वर परिचय पुस्तिका, महिला मंडळांच्या हळदीकुंकवाच्या वह्या, सगळं कॉम्प्युटरात घालायचं आणि बघायचं की ह्या कागदांत बायका गेल्या कुठं. पुरुषाचं नाव पाळण्यापासून तिरडीपर्यंत एकच. बाईचं मात्र लग्नात आडनाव बदलतं, बापाच्या नावाजागी नवऱ्याचं येतं, आणि वर ताटात तांदूळ पसरून तिचं स्वतःचं नावही बदलून टाकतात! एका मांडवात एक मुलगी संपते, दुसरी सुरू होते, आणि कागदाला त्याचा पत्ता नसतो. प्रणयनं सॉफ्टवेअर बनवलं ते ह्या दोघींना जोडायला. त्याचं नाव ठेवलं ‘माहेर’. कुठल्याही बाईचं एक नाव सांगा, ‘माहेर’ दुसरं नाव आणि ठिकाण शोधून देणार! आम्हाला काय अभिमान होता म्हणता त्याचा!

*

सुरुवातीला ‘माहेर’ अगदीच भैताड, ठार वेडं होतं. पहिल्या चाचणीत त्यानं भाऊसाहेबांच्या नावावर चार बायका लावल्या!

झालं होतं असं, की वहिनींचं नाव लग्नाच्या रजिस्टरात माहेरचं होतं, पुस्तिकेत सासरचं होतं, एका वहीत नुसतंच ‘सचिवांच्या सौभाग्यवती’, आणि एका शोकसभेच्या ठरावात ‘अमक्याची आई’. कॉम्प्युटरनं चौघी वेगळ्या मोजल्या. यादी छापून निघाली आणि भाऊसाहेबांनी ती वाचली. माणूस पांढराफटक!

“मॅडम, हे लय वाईट करून राह्यले तुमी,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “माह्या घरी पता लागलं तर मले जेवाले नाही भेटनार. खोडा ना यातल्या तीन!”

“कोणत्या तीन खोडू?” प्रणयनं विचारलं.

भाऊसाहेब जो विचारात पडले, तो बराच वेळ पडले. शेवटी प्रणयनंच चौघी एकत्र केल्या. पण कोणीतरी बातमी घरी पोचवलीच. दुसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन.

“मॅडम, चौघी हायेत म्हने आमच्या घरात?”

“वहिनी, ती कॉम्प्युटरची चूक…”

“चूक राहू द्या. फक्त येवढं इचारा त्या कॉम्प्युटरले, की बाकीच्या तिघी सयपाकाले कधी येनार हायेत!”

*

दुसरा किस्सा दाव्याच्या धमकीचा. जुन्या रजिस्टरांत लग्नापुढं ‘लग्न’ किंवा ‘पाट’ असं लिहिलेलं असतं. पाट म्हणजे विधवेचं किंवा सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न. पूर्वी त्यात लाजायचं काही नव्हतं. आता मात्र नातवांना लाज वाटते. त्यांना आजी हवी, पण पाटाची नको!

एक दिवस बाळापूरकडचे एक पुढारी आले. गळ्यात गमछा, मागं दोन कार्यकर्ते आणि हाताला धरून आणलेली म्हातारी आई. आमच्या यादीत त्यांच्या आजीपुढं ‘पाट’ असं आलं होतं.

“हे काढा,” ते म्हणाले. “नाही तं मानहानीचा दावा टाकतो. आमच्या घरान्यात असं कधीच झालं नाही.”

मी घाबरले, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. कॉलेजात नोटीस आली तर प्रिन्सिपल काय म्हणतील, घरी काय सांगू, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणाले, “बसा, चहा घ्या.” चहा आला. पुढाऱ्यांनी पुरावा म्हणून आईकडं हात केला.

“सांग माय यायले. सांग, आपल्या घरात कधी पाट झाला काय?”

म्हातारीनं बशीतला चहा संपवला. पदरानं ओठ पुसले.

“तुह्या आजीचं काय घेऊन बसला बाप्पा,” ती म्हणाली. “माहाबी पाटच हाय!”

कार्यकर्ते आधी छताकडं पाहायला लागले, मग बाहेरच गेले. पुढारी तसेच बसून राहिले. त्यांच्या चहावर साय धरली. दावा काही आला नाही. पण त्यानंतर महिनाभर मी पोस्टमनला घाबरत होते.

*

आता सीमा.

मुलाखतीला आली तेव्हा तिनं पगार विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत. विचारलं ते एवढंच, “मॅडम, माझा फोटो कुठी टाकनार नाही ना तुमी?” आणि बसायला जागा मागितली ती भिंतीला पाठ लागून, दाराकडं तोंड करून.

पहिल्या आठवड्यात बेल वाजली की तिची बोटं कीबोर्डवर थांबायची. माणूस ओळखीचा निघाला की पुन्हा सुरू. मी विचारलं नाही. एक दिवस तिनंच सांगितलं. सीमा हे तिचं सासरचं नाव. मूळची उज्ज्वला, मूर्तिजापूरजवळच्या एका गावची, आमच्याच समाजातली. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि दोघं अमरावतीत येऊन राहिले. भावानं गावात चारचौघांत सांगितलं होतं, दिसली तिथं संपवतो. आणि तो नुसतं बोलणारा माणूस नव्हता. तिच्या नवऱ्याच्या मित्राचा हात त्यानं आधीच मोडला होता.

हे आम्हा तिघांतच राहिलं. मी, प्रणय आणि ती. भाऊसाहेबांना सांगितलं नाही. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परिचय पुस्तिका स्कॅन करताना तिचंच पान निघालं! पळून जायच्या आदल्या वर्षी भावानं छापायला दिलेलं. निळी साडी, एका हातात नकली फुलं, खाली शिक्षण, उंची, अपेक्षा. मी पान लपवायला गेले, तोवर तिनं ते पाहिलंही.

“मॅडम,” ती म्हणाली, “उंची पाच-चार लिहिली त्यानं. भावानं दोन इंच वाढवून टाकली!”

आणि जी हसत सुटली! मीही हसले. हसता हसता तिनं पान मशीनमध्ये सरळ केलं आणि स्कॅन केलं. तिनं ते सोडून द्यायला पाहिजे होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही.

*

हळूहळू ‘माहेर’ शहाणं झालं. इतकं, की मलाच त्याची मजा वाटायला लागली. शाळेतली माझी एक मैत्रीण होती, लग्न होऊन गेली ती गेलीच. तिचं माहेरचं नाव टाकलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत समोर उत्तर! धामणगाव रेल्वे, सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, कुठल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला जाते तेही. भाऊसाहेबांकडून फोन नंबर मिळवला आणि लावला.

“कोन?”

“अगं मी! ओळखलंस का?” मी नाव सांगितलं.

पलीकडून एकदम रडका आवाज, “कोन गेलं वो?”

“कोणी गेलं नाही गं बाई! सहज केला.”

“सहज?” ती म्हणाली. “मले सहज कोनी फोन करत नाही. सांग लवकर, कोन गेलं!”

तिला पटवता पटवता माझ्या नाकीनऊ आले. फोन ठेवून मी हसत वळले, तर सीमा उभी.

“मॅडम, मीबी अशीच सापडते काय?”

“छे,” मी म्हणाले. “तुझं लग्न थोडीच आहे मंडळाच्या रजिस्टरात!”

प्रणयनं टाइप केलं. उज्ज्वला, बापाचं नाव, गाव. आणि स्क्रीनवर आलं: सासरचं नाव सीमा, मुक्काम अमरावती, बडनेरा रोडच्या बाजूची ती नवी वस्ती, गल्लीसकट!

आलं कुठून हे? शोधलं तर तिच्या वस्तीतल्या हळदीकुंकवाच्या वहीतून. शेजारीण घेऊन गेली होती तिला. वहीत ‘माहेरचं नाव’ असा रकाना होता, आणि सीमानं तिथं खरं नाव लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं, पूर्ण, बापाच्या नावासकट!

“काहून लिहिलं गं तू?” मी ओरडलेच तिच्यावर. वऱ्हाडात जन्म गेला, राग आला की माझी शुद्ध भाषा पहिली पळते.

“इतक्या दिवसांनी कोनी इचारलं होतं मॅडम,” ती म्हणाली. “लिहू वाटलं.”



*

मग आमचं पुढचं शहाणपण. प्रणय म्हणाला, टेन्शन घेऊ नका, वहीतली तिची ओळ उडवतो. उडवली. पुन्हा नाव टाकलं, आणि स्क्रीनवर लाल चौकोन! ‘या घरातील मुलीची परिचय पुस्तिकेनंतर नोंद सापडत नाही. शोध आवश्यक.’

का? कारण आम्हीच त्याला तसं शिकवलं होतं! ज्या मुली कागदांतून गायब होतात त्यांच्याकडं लक्ष वेधायचं, हाच तर आमचा अभ्यास होता. ‘माहेर’ बिचारं इमानदारीनं काम करत होतं. पिढ्यान्पिढ्या हरवलेल्या बायका शोधायला आम्ही यंत्र केलं, आणि जी एकटी स्वतःहून हरवू इच्छित होती तीच सगळ्यांत ठळक दिसायला लागली!

“याले समजत नाही काय, की एखादीले नसन सापडायचं?” सीमानं विचारलं.

“त्याला तसं कोणी सांगितलं नाही ना,” प्रणय म्हणाला.

शेवटी त्यानं तिचं अख्खं घरच काढलं. बाप, भाऊ, काका, सगळे. म्हणजे ती हरवली हे कळायलाही कोणी उरलं नाही. ही साफ केलेली कॉपी त्यानं इंटरनेटवर ठेवली. आम्ही गिलावडे मागवले आणि खाल्ले. सीमानं दोन खाल्ले. मला वाटलं, सुटलो.

*

सुटतो कसले! भाऊसाहेबांनी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, ‘आपल्या मंडळाचा अनोखा उपक्रम! हरवलेल्या लेकींचा शोध!’ सोबत ऑफिसचा पत्ता. तो बाण लागायचा तिथं लागला.

मे महिना, भर दुपार. भाऊसाहेब घरी जेवायला गेलेले. बेल वाजली. सीमा नुकतीच बाहेरून आली होती. आमच्याकडं उन्हात पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात तसा पूर्ण गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. ती जागेवर बसली होती, स्कार्फ सोडायचा बाकी होता. दारात पांढरा शर्ट घातलेला, तिशीचा, अगदी सभ्य माणूस.

“नमस्कार मॅडम. बहिणीचं नाव पाहाचं होतं. उज्ज्वला.”

मी सीमाकडं पाहिलं नाही. मान वळूच दिली नाही. त्या वेळी मला माझ्याच मानेची भीती वाटत होती.

तो बसला. कुठं? सीमाच्या शेजारच्या खुर्चीवर, कारण दुसरी खुर्चीच नव्हती! पाणी दिलं, प्यायला. म्हणाला, आई आजारी आहे, तिची आठवण काढून राह्यली. मग सहज बाजूला वळून सीमाला म्हणाला, “ऊन लयच हाय ना ताई आज?”

सीमानं मान हलवली आणि टाइप करत राहिली. काय टाइप करत होती देव जाणे. नंतर पाहिलं तर पानभर नुसतं एकच अक्षर. तिचा आवाज निघाला असता तर संपलं होतं.

आणि अशा वेळी आमचा प्रणय! घाबरला, आणि आलं तोंडाला ते बोलला. “दादा, सॉफ्टवेअर सध्या बंद आहे. समाजाच्या अकोल्याच्या वधू-वर मेळाव्यात चालू होईल. तिथं पाहा!”

“मंग येतोच मेळाव्याले,” तो म्हणाला. हात जोडले, गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत खोलीत कोणी हललं नाही.

मग सीमानं स्कार्फ सोडला. घामानं केस कपाळाला चिकटलेले. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर काम सोडते म्हणेल.

“भाऊ बारीक झाला मॅडम,” ती म्हणाली.

*

आणि आता मेळाव्याचा किस्सा.

मी भाऊसाहेबांना परोपरीनं सांगितलं, प्रात्यक्षिक नको. पण त्यांनी पत्रिकेत छापून टाकलं होतं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. प्रणय म्हणाला, घाबरता कशाला, साफ कॉपी आहे ना, त्याला काही सापडणार नाही. सीमाला आम्ही घरीच राहायला सांगितलं आणि अकोल्याला निघालो.

मंगल कार्यालय भरलेलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, चारी कोपऱ्यांत मोठे कूलर घरघरत होते, वर पंखे. स्टेजवर पडदा, टेबलावर लॅपटॉप, समोर माईक. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्रणय माझ्या कानाशी आला.

“मॅडम, इथं नेट नाही. साफ कॉपी उघडत नाही.”

“मग?”

“लॅपटॉपवर जुनी आहे. पहिली. सीमा आहे त्यात. गल्लीसकट.”

मी म्हणाले, बंद कर सगळं. पण तोवर भाऊसाहेबांनी माईक हातात घेतला होता. “कोनतीबी लेक सांगा! आपलं ‘माहेर’ शोधून देईन!” आणि टाळ्या!

लोक रांगेत उभे राहिले. पहिली एक आजी, काठी टेकत आलेली. म्हणाली, सासरचं नाव सांगते, माहेरचं मलेच आठवत नाही आता, लग्नात बारा-तेरा वर्षांची होती. भाऊसाहेबांनी स्वतः एका बोटानं टाइप केलं. सगळा खेळ त्यांना स्वतःच करायचा होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘गोदावरी’. आजी पडद्याकडं पाहत राहिली. “हाव,” ती हळूच म्हणाली, “मी गोदी होती.” बायकांच्या बाजूनं कोणीतरी नाक ओढलं. माझेही डोळे भरले. क्षणभर मी भीती विसरले, खरं सांगते. आजीला आम्ही पहिल्या रांगेत बसवलं.

मग एक शिक्षिका, मग एक मामा आपल्या भाचीसाठी. आणि त्यांच्या मागं पांढरा शर्ट.

त्यानं माईक घेतला. आवाज तसाच सभ्य. “उज्ज्वला,” त्यानं सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. “घरून निघून गेली. कोनाच्या तरी घरात घुसली. फक्त पत्ता सांगा साहेब. पुढचं आमचं आमी पाहून घेऊ.”

पुरुषांच्या बाजूनं एक-दोघं हसले. बायकांची बाजू एकदम चूप झाली. इतकी, की नुसते कूलर ऐकू येत होते.

भाऊसाहेब टाइप करत होते. एक बोट, एक अक्षर. मी “भाऊसाहेब, थांबा” म्हणाले, पण कूलरच्या घरघरीत ते त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं आणि खाली ‘शोध सुरू आहे’.

मला फक्त तिची गल्ली दिसत होती, ह्या एवढ्या मोठ्या पडद्यावर. मी खाली वाकले, टेबलामागच्या बोर्डातली प्रोजेक्टरची वायर दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. पडदा काळा झाला. प्रणयनं लॅपटॉप धाडकन मिटला. सगळं सभागृह माझ्याकडं पाहायला लागलं. हातात वायर, डोकं रिकामं. मग प्रणयसारखंच माझ्याही तोंडाला आलं ते मी ओरडले.

“लाइट गेली!”

सगळ्यांनी वर पाहिलं. वर पंखे गरगर फिरत होते.

“लाइट तं हाय,” पांढरा शर्ट म्हणाला. माईकमध्ये म्हणाला, आणि ते साऱ्या सभागृहात घुमलं. “मॅडम, कुठी गेली लाइट?” तो स्टेजची पहिली पायरी चढला.

भाऊसाहेब कधी पंख्याकडं पाहत, कधी माझ्याकडं, कधी माझ्या हातातल्या वायरकडं.

तेव्हा पहिल्या रांगेतली ती आजी काठी आपटून बोलली.

“गेली ना लाइट. कवाचीच गेली. केवढं गरम होऊन राह्यलं!”

तिच्यासमोर हाताच्या अंतरावर कूलर होता. तिचा पदर त्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. आजीनं तो पदर एका हातानं दाबून धरला, दुसऱ्या हातानं मांडीवरची मेळाव्याची पुस्तिका उचलली आणि त्या थंडगार वाऱ्यात बसून जोरजोरात स्वतःला वारा घालायला लागली.

शेजारच्या बाईनं तिच्याकडं पाहिलं. एकदा पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं. मग तिनंही आपली पुस्तिका उचलली. मग तिसरीनं. मागची रांग, तिच्या मागची रांग. “गेली वो लाइट.” “गेलीच ना.” “मायबाई, जीव चालला गर्मीनं!” लेकुरवाळ्या, सुना, सासवा, मुली दाखवायला आणलेल्या आया आणि नटूनथटून बसलेल्या त्या मुलीसुद्धा. बायकांची अख्खी बाजू फिरत्या पंख्यांखाली बसून वारा घालत होती, आणि एकीचीही नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

तो पहिल्या पायरीवरच थांबला.

भाऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. पुढं झाले, त्याच्या हातातून माईक घेतला, बोटानं टकटक करून चालू आहे ना ते पाहिलं आणि घसा साफ केला.

“बंधू-भगिनींनो,” त्यांचा आवाज लाउडस्पीकरवरून पार रस्त्यापर्यंत गेला, “लाइट गेल्यामुळं कार्यक्रम इथंच थांबवन्यात येत आहे!”